जुनी जोडी आणा, नवी न्या

अठ्ठ्याण्णव साली शिरोलीच्या एका फौंड्रीत मी स्टोअर सांभाळत होतो. सांभाळत कसलं, दिवसभर जाळीच्या खिडकीत बसून शिव्या खात होतो. तात्या, चिंध्या द्या. तात्या, ब्लेड द्या. दिलं तर मालक बोंबलणार, न्हाय दिलं तर कामगार. इकडं आड, तिकडं विहीर. जीव नुसता विटून गेलता.

आदल्या वर्षी हातमोजे संपले आणि दोन दिवस भट्टी थंड राहिली. मालक सगळ्यांदेखत म्हणाले, "आकाराम, परत माल संपला तर घरात बसायचं." घरात लग्नाच्या दोन पोरी. मी खिडकीवर पाटीच लावली: जुनी जोडी आणा, नवी न्या. त्यानंतर एकदाही मोजे संपले न्हाईत. मालकांनी पाठ थोपटली की!

श्रावणातल्या एका सोमवारी कृष्णात आला. पन्हाळ्याकडचा, अबोल गडी. लोखंडाचा रस ओतायच्या कामावर होता. त्यानं फाटका उजवा मोजा खिडकीत ठेवला.

"डावा कुठाय?"

"गावला न्हाय तात्या. कुणीतरी उचलला बघा."

"मग हुडक. जोडी आण, जोडी न्हे."

"भट्टी तयार हाय. डाव्या हाताला फडकं गुंडाळू व्हय?"

"गुंडाळ की! आज तुला दिला, तर उद्या सगळी शिफ्ट एकेक मोजा घिऊन दारात."

माझ्या पाठीमागं कपाटात चाळीस जोड्या होत्या. कपाटाकडं एकदा बघून तो गेला.

तासाभरात आरडाओरडा झाला. रस उडून फडक्यानं पेट घेतलता. त्याला जीपमधनं दवाखान्यात नेलं. मला कुणी एका शब्दानं विचारलं न्हाय. आयला, कुणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. त्याच दिवशी मी पाटी काढली. ज्यानं मागितलं त्याला दिलं. मालक बोंबलले, बोंबलू दे म्हटलं.

चार महिन्यांनी कृष्णात कामावर आला. डाव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटून गोळा झालेली. आता झाडलोट करायचा. तो खिडकीत दिसताच मी न मागता नवी जोडी पुढं सरकवली. त्याच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

त्यानं उजवा मोजा घेतला. डावा परत माझ्याकडं ढकलला.

"ह्यो ऱ्हाऊ द्या तात्या," तो म्हणाला. "कुणाचा हरवला तर त्याला द्या."