वर्षातला सर्वोत्तम मल्ल

"अंडी आहेत. पण तुला नाहीत."

कोंबड्यावाल्या मावशीनं एवढं बोलून टोपलीवर फडकं ओढलं आणि दुसरीकडे बघायला लागली. समोर विंचू उभा. सहा फुटी गडी, एक हात कमरेवर, कारण कंबर आदल्या दिवसापासून धरली होती.

"का पण, मावशी? गेल्या आठवड्यात तर डझनभर दिलीत."

"गेल्या आठवड्यापर्यंत तू गिरणीवाल्याच्या डोळ्यात पीठ टाकलं नव्हतंस."

"अहो, तो गिरणीवाला आहे! दिवसभर त्याच्या डोळ्यात पीठच असतं."

"ते त्याचं स्वतःचं. तू टाकलंस ते पाठीमागून येऊन टाकलंस. मी पहिल्या बाकावर होते, मला सांगू नकोस."

मी शेजारीच माझ्या मशीनवर बसून एका विजारीचा काठ मारत होतो. हसू दाबता दाबता सुई बोटात गेली असती. कारण ते पीठ गिरणीवाल्यानं स्वतःच घरून पुडी बांधून आणलं होतं. चाळून. खडा नको म्हणून.

आता हे नीट सांगायला हवं. आमच्या गावात दर रविवारी बाजार उठला की धान्याच्या शेडमध्ये कुस्तीचा खेळ व्हायचा. जुन्या टायरांवर फळ्या, फळ्यांवर पेंढा, पेंढ्यावर गोणपाट आणि चारी बाजूंनी दोर. खालून पोकळ असल्यामुळे माणूस पडला की असा आवाज व्हायचा, की लांब बांधलेले बैलसुद्धा कान टवकारायचे. खेळ चालवायचा भोंगा. त्याचा लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा होता, आणि लाइट गेली तरी त्याचं काही अडायचं नाही, असा त्याचा गळा. गिरणीवाला खेळातला नायक, त्याचं नाव सिंह. विंचू खलनायक. मी पंच. त्यांचे कपडे, मुखवटेही मीच शिवायचो. कोण कुणाला कसा आपटणार, कोण जिंकणार, हे सगळं शनिवारी माझ्या दुकानात चहा पिता पिता ठरायचं.

गावाला हे माहीत नव्हतं असं नाही. एकेकट्याला विचारलं तर प्रत्येक जण म्हणायचा, "खोटं असतं हो सगळं." आणि रविवारी घंटा वाजली की तोच माणूस बाकावर उभा राहून विंचवाच्या रक्ताची मागणी करायचा.

विंचू माणूस म्हणून गरीब गाय. बापलेकांचं बटाट्याचं शेत, चार दुभती जनावरं. पण सहा वर्षं गावानं त्याच्यात मुखवट्यातला विंचूच पाहिला. त्याच्या बायकोला विहिरीवर कुणी आधी पाणी भरू द्यायचं नाही. तो म्हणायचा, "मास्तर, याचा अर्थ मी काम चांगलं करतोय." आणि खरंच, काम त्याचंच होतं. गिरणीवाला छाती फुगवून उभा राहायचा एवढंच. त्याचा एक गुद्दा खरा वाटावा म्हणून हा तीन कोलांट्या खायचा. हरणं ही सोपी गोष्ट नाही. नीट हरायला अंगात फार कसब लागतं.

हे एका माणसाला मात्र कधी पटलं नाही. त्याच्या बापाला.

बापाला सगळे पैलवान म्हणायचे. सत्तरी ओलांडलेली, पण मान अजून खांबासारखी. दोन्ही कान कुस्तीत मोडून वाळल्या भोपळ्याच्या कातड्यासारखे झालेले. त्याच्या तरुणपणी त्यानं मातीत खऱ्या कुस्त्या केल्या आणि आपली पाठ कधी कुणाला दाखवली नाही. मुलाच्या खेळाला तो 'नाच' म्हणायचा. "तुझा नाच किती वाजता आहे?" असं दर रविवारी विचारायचा, आणि सहा वर्षांत एकदाही शेडकडे फिरकला नव्हता. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "मी कुस्ती बघतो, मास्तर. नाचाला मला वेळ नाही."

तो आला तो उन्हाळ्यात. त्या दिवशी वारा असा सुटला होता की नांगरलेल्या रानांतली सगळी माती उठून गावात आली होती. शेडचे पत्रे थडथडत होते, लोकांच्या दातांत कचकच लागत होती, तरी एक बाक रिकामा नव्हता. ठरल्याप्रमाणे विंचवाचे हात दोरात अडकले, आणि सिंहानं खुर्ची उचलली. खुर्चीचे पाय मीच सकाळी करवतीनं अर्धे कापून मेणानं बुजवले होते. पहिल्या फटक्यात दोन पाय उडाले. त्यासरशी विंचवाच्या मुखवट्याआडची रंगाची पिशवी फुटली. लाल ओघळ गळ्यापर्यंत आला. सगळं गाव उभं राहिलं. "मार! अजून मार!" सगळ्यांत पुढे कोंबड्यावाली मावशी.

तेवढ्यात माझं लक्ष दाराकडे गेलं. पैलवान उभा होता. बाह्या दुमडलेल्या, उजवा हात कोपरापर्यंत तेलानं माखलेला. त्याची गाय दुपारपासून अडली होती, वासरू आडवं आलं होतं, आणि एकट्याच्यानं होईना म्हणून तो मुलाला बोलवायला आला होता. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त त्याचा चेहरा दिसला. त्यानं काय पाहिलं असेल? मुलगा बांधलेला, रक्तबंबाळ, आणि आख्खं गाव मारा म्हणून ओरडतंय.

तो दोरांखालून वर आला. पंच म्हणून मी आडवा गेलो, शिट्टी फुंकली. त्यानं मला ढकललं नाही. उचललं आणि बाजूला ठेवलं, वाटेतलं स्टूल ठेवावं तसं.

"माझ्या पोराला हात लावतोस?"

गिरणीवाला बिचारा वळून म्हणाला, "काका, अहो, हे काय..." पुढचं बोलणं हवेतच राहिलं, कारण तो स्वतःच हवेत होता. असा धोबीपछाड मी जन्मात पाहिला नव्हता. फळी मोडली. गिरणीवाल्याचा खांदा निखळला. "मला हे कुणी सांगितलं नव्हतं!" असं तो पडल्या पडल्या ओरडला, आणि लोक पोट धरून हसले.

पैलवानानं मुलाचे हात सोडवले, कान धरला आणि म्हणाला, "ऊठ. गाय अडलीय."

मग जे काही सुरू झालं! टोप्या उडाल्या, बाकं उलटली. भोंगा हुशार माणूस, त्यानं लगेच माइकवर आरोळी ठोकली, "आणि आले आहेत, पाहुणे मल्ल, पैलवान!" लोकांना वाटलं, हेही शनिवारी ठरलेलंच.

मी मागोमाग धावलो. वाटेत विंचू सांगत होता, "आबा, खोटं होतं ते!"

"गप बस. डोकं फुटलंय तुझं."

"रंग आहे तो, आबा."

म्हाताऱ्यानं बोटानं तो ओघळ पुसला, वास घेतला. चालता चालता थांबला. त्याच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मला सांगता येणार नाही.

"गाय खरी अडलीय," तो म्हणाला आणि पुन्हा चालायला लागला.

गोठ्यात विंचवानं मुखवटा काढायलाही वेळ घेतला नाही. बाप आत हात घालून वासराचे पाय सरळ करत होता, मुलगा दोर ओढत होता, मी गायीचं डोकं धरलं होतं. दिवस मावळायच्या आत वासरू जमिनीवर आलं. कालवड होती. तिनं जगात डोळे उघडले ते काळ्या मुखवट्यातल्या विंचवासमोर, आणि तरी तिला काही वाटलं नाही. गावापेक्षा शहाणी निघाली.

त्या दिवसानंतर गावाला वेडच लागलं. "गाय अडलीय!" ही आरोळी झाली. खेळ जरा सुस्त वाटला की मागून कुणीतरी ओरडायचं, "गाय अडलीय!" आणि सगळी शेड तेच घोकायला लागायची. पैलवान रस्त्यानं निघाला तरी तेच. भोंगा त्याला पुन्हा उतरवायला दोनदा घरी गेला. दुसऱ्यांदा पैलवान पेंढा ओढायचा काटा घेऊन त्याच्या मागे लागला.

"मी नाटक नव्हतं केलं," तो ज्याला त्याला सांगायचा. "मी खरा फेकला त्याला. विचारा त्याच्या खांद्याला."

"हो हो, पैलवान," लोक डोळा मारून म्हणायचे. "आम्ही काही बोलणार नाही."

विंचू वरून हसायचा, पण एकदा मुखवट्याचं अस्तर बदलून न्यायला आला तेव्हा बोलून गेला, "सहा वर्षं पडतोय मी, मास्तर. आबा पाच मिनिटं आले. लोक मला आता 'पैलवानाचा तो मुलगा' म्हणतात."

"मग काय करणार आहेस?"

"असा पडेन की आयुष्यभर लक्षात राहील."

शेडमध्ये दोरांच्या बाजूला धान्याची पोती रचलेली असायची, बारा थरांची. त्यावरून पाठमोरं, हात पसरून खाली फळ्यांवर यायचं, असं त्यानं ठरवलं. तीन महिने रोज सकाळी पेंढ्याच्या गंजीवरून सराव केला. बायको गरम पाण्याच्या पिशव्या भरून थकली. थंडी पडायला लागली त्या सुमारास एका रविवारी तो त्या पोत्यांवर चढला. सिंहानं खालून पोत्यांना लाथ मारल्याचं सोंग केलं, आणि विंचू मागे झुकला.

मी खोटं नाही सांगत, त्याला पडायला जरा जास्तच वेळ लागला. मग धाडकन आवाज आला. मावशीनं तोंडावर हात धरला. मी गुडघ्यावर बसलो आणि हात वर करून मोजायचं विसरलो. तेवढ्यात खालून बारीक आवाज आला, "मास्तर, मोजा की."

जिवात जीव आला. सगळी शेड मुकाट होती. असं मुकाट होणं खेळात वर्षातून एकदाही मिळत नाही. आणि नेमकं तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "गाय अडलीय!" सगळे खो खो हसले. झालं.

वर्षाच्या शेवटच्या रविवारी भोंगा बक्षिसं द्यायचा. दुधाचा कॅन धुऊन ठेवायचा, लोक त्यात चिठ्ठ्या टाकायचे. वर्षाचा सर्वोत्तम मल्ल आणि वर्षाचा सर्वोत्तम क्षण. सर्वोत्तम मल्ल आधीची सहाही वर्षं सिंहच. पण क्षणाचं बक्षीस या वेळी आपलं, असं विंचवाच्या मनात होतं. बोलला नाही तो, पण त्या दिवशी त्यानं मुखवटा इस्त्री करून आणला होता. मखमलीला इस्त्री करतात का? सगळी लव करपली.

भोंग्यानं चिठ्ठ्या वाचल्या. वर्षाचा क्षण: गाय अडलीय. वर्षाचा सर्वोत्तम मल्ल: पैलवान, दोनशे बारा. सिंह, एकशे चाळीस. विंचू, नऊ.

पैलवानाला कुणी काय सांगून आणलं होतं कोण जाणे. मी शिवलेला निळा पट्टा त्याच्या खांद्यावर पडला तेव्हा कुठं त्याला उमगलं. त्यानं माइक हिसकावला.

"ऐका! मी सोंग केलं नाही! मला वाटलं तुम्ही माझ्या मुलाला मारून टाकताय! तुम्ही सगळे, शेजारी म्हणवणारे, ओरडत होतात, मार म्हणून! मला... माझे हातपाय..." आवाज फुटला त्याचा. "मी त्याला वाचवायला आलो होतो."

मग टाळ्या. अशा टाळ्या, की पत्र्यावरचे पारवे उडाले. मावशी डोळे पुसत माझ्याजवळ आली. "काय काम करतो म्हातारा! अगदी खरं वाटतं." आणि थोड्या वेळानं, "त्या विंचवानं शिकावं काहीतरी."

विंचूही टाळ्या वाजवत होता. मुखवट्यातून फक्त डोळे दिसत होते, ते ओले होते. बक्षीस गेलं म्हणून की बाप बोलला म्हणून, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोणपाट शिवायला शेडमध्ये गेलो, तर पाठोपाठ बापलेक आले. शेड रिकामी. पैलवान पहिल्या बाकावर, मावशीच्या जागेवर बसला.

"नऊ मतं," तो म्हणाला. "कशाची होती ती?"

"पोत्यांवरून पडलो होतो त्याची, आबा."

"मी पाहिलेलं नाही. दाखव."

विंचवानं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. मुखवटा नाही, घंटा नाही, भोंग्याचा आवाज नाही. तो बारा थर चढला, पाठमोरा उभा राहिला, हात पसरले.

"हे खोटं आहे बरं का, आबा," वरून म्हणाला.

"मला अक्कल शिकवू नकोस. पड."

तो पडला. धाडकन आवाज झाला आणि बाकावर कुणी नव्हतं. सत्तरीचा म्हातारा दोर ओलांडून त्याच्याजवळ गुडघ्यावर बसला होता आणि त्याच्या बरगड्या एक एक करून चाचपत होता.

"आबा, काही नाही झालं. असंच पडायचं असतं."

"माहितीय मला," पैलवान म्हणाला, पण हात काही काढला नाही. मग रागावल्यासारखा उठला, परत जाऊन बसला. "मला नीट दिसलं नाही. पुन्हा पड. या वेळी मी जागचा हलत नाही. मास्तर, तुम्ही इथं बसा. मला धरा."

विंचू पुन्हा वर चढला. मी पैलवानाचा दंड दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.

काही उपयोग झाला नाही.