टाकीतलं दूध

लाईट दुपारपर्यंतच होती, म्हणून रामहरीतात्यांनी कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फेटचं बारा-एकसष्ट ही दोन्ही खतं ठिबकच्या एकाच टाकीत ओतली. पाणी दुधासारखं झालं, तेव्हा त्यांना वाटलं, झकास विरघळलं. संध्याकाळी सणसरच्या त्यांच्या एकरभर ढोबळी मिरचीत एकही ड्रिपर ठिबकत नव्हता. झाडांनी माना टाकल्या होत्या.

पुतणी राजेश्वरी बारामतीला रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली. टाकीच्या तळाचा पांढरा गाळ तिनं बोटांत चोळला.

"एकेकटी विरघळली असती, तात्या. पण कॅल्शियमला फॉस्फेट भेटलं. एकावर धन भार, दुसऱ्यावर ऋण. एका कणाला चहूबाजूंनी दुसरे धरतात, त्यांना आणखी तिसरे. ती पकड पाण्याला सुटत न्हाय."

"आमच्या भाऊकीत हाय का अशी पकड?" तात्या म्हणाले, पण नजर मिरचीवर होती. "ही झाडं वाचतील का, तेवढं सांग."

शेजारचे मोहनराव बॅटरीचं ॲसिड घेऊनच आले. "सोड नळ्यांत. ॲसिड म्हंजी ॲसिड."

"आधी ग्लासात बघू, काका."

तिनं काचेच्या दोन ग्लासांत गाळ घेतला. एकात पाण्यात पातळ केलेलं बॅटरीचं ॲसिड घातलं, दुसऱ्यात दुकानातून आणलेलं हायड्रोक्लोरिक. दुसरा ग्लास बघता बघता नितळ झाला. पहिल्यात पांढरं तसंच राहिलं, आणि थोड्या वेळानं त्यात बारीक सुया चमकू लागल्या.

"हे काय गं?"

"जिप्सम. हायड्रोजननं फॉस्फेटला ओढून घेतलं, कॅल्शियम मोकळं झालं. पण बॅटरीच्या ॲसिडातल्या सल्फेटनं त्याला परत धरलं. क्लोराईडची पकड सैल, पाणी सहज सोडवतं."

हे समीकरण तिनं परीक्षेत लिहिलं होतं. पण कुणी न सांगता कण रांगेत बसतात, प्रत्येक सुईला तीच तिरकी टोकं येतात, हे पाहताना ती क्षणभर मिरचीही विसरली.

मोहनरावांनी कॅन मागं ओढला. "मी आपला बॅटरीतच घालतो."

पातळ हायड्रोक्लोरिक रात्रभर नळ्यांत राहिलं. सकाळी टोकं उघडून नळ्या धुतल्या, टोकं बंद करून पाणी सोडलं. शेवटच्या सरीपाशी तात्या उकिडवे बसले. ड्रिपरच्या तोंडाशी थेंब फुगला, पडला. मग दुसरा.

"पोरी, कॅल्शियमला सोमवार," तात्या ओलं बोट धोतराला पुसत म्हणाले, "आन् त्या दुसऱ्याला गुरुवार. तोंडं बघू द्यायची न्हाईत एकमेकांची."