अडुळशाची परीक्षा

मित्रांनो, मी जुना अडुळसा आहे. देवणी तालुक्यातल्या एका गावात, पार्वतीबाईंच्या परसात, धुण्याच्या सांडपाण्यावर वाढलो. मी इतका कडू आहे की शेळीसुद्धा मला तोंड लावत नाही. त्याची मला लाज वाटत नाही.

पार्वतीबाई गावच्या शाळेत खिचडी शिजवायच्या. हिवाळ्यात नाक चोंदलेली, छाती भरलेली माणसं त्यांच्या दारात यायची. माझी पानं, आलं आणि गूळ उकळून त्या काढा द्यायच्या. "कफ सुटला बघा," असं कुणी म्हणालं, की मी फुगून जायचो.

मग शेजारच्या अमरनाथने तोच काढा बाटल्यांत भरून विकायला घेतला. बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, मोबाइलवर व्हिडिओ टाकले. सर्दी, दमा, न्यूमोनिया, सगळ्यावर एकच उपाय, दवाखान्याला सुट्टी! मला विचारलं असतं, तर मी तिथल्या तिथे नाही म्हटलं असतं. पण झाडाला कोण विचारतो?

दिवाळीनंतर त्याची चार वर्षांची लेक शिल्पा आजारी पडली. आधी सर्दी, मग ताप. मग श्वास घेताना तिच्या बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या. तिची आई सिंधु दवाखान्यात चला म्हणत होती.

"घरचं औषध सोडून लोकाच्या दारात कशाला?" अमरनाथ म्हणाला. "काढा चालू हाय. उद्या उतरंल."

उतरलं नाही. शेवटी सिंधुने लेकराला उचललं आणि एकटीच जीपमध्ये बसली. लातूरच्या दवाखान्यात शिल्पाला ऑक्सिजन लावला. ती वाचली.

मागाहून लातूरला गेलेला अमरनाथ गावी परतला आणि कुऱ्हाड घेऊन थेट परसात आला. "तुमच्या ह्या झाडापायी माझी लेक चालली होती."

"बाटलीवर झाडानं लिहिलं न्हाई, अमरनाथ," पार्वतीबाई म्हणाल्या.

त्याने ऐकलं नाही. मला बुडापासून तोडलं. लोक पार्वतीबाईंच्या दारावरून मान खाली घालून जाऊ लागले. मी मात्र थोड्याच दिवसांत फुटवे काढले. तोडून मरणारी जात नाही माझी.

पार्वतीबाईंची भाची समीक्षा लातूरला औषधनिर्माण महाविद्यालयात शिकवते. ती म्हणाली, "मावशी, ह्या पानांची नीट तपासणी करू. पण निकाल उलटा आला तर?"

"येऊ दे," पार्वतीबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं लोकांना पाजलं. खरं काय ते मलाबी कळू दे."

मी भरभरून पानं दिली. समीक्षाने रीतसर परवानगी घेऊन सर्दी झालेल्या काही मोठ्या माणसांना काढा दिला, काहींना तसंच दिसणारं नुसतं कडू पाणी. कुणाला काय मिळालं, हे घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं आणि देणाऱ्यालाही.

पुढच्या हिवाळ्यात समीक्षाने परसात बसून निकाल सांगितला. अमरनाथही आला होता. "काढ्यानं सर्दी लवकर गेली नाही," ती म्हणाली. "कफ सुटायला थोडी मदत झाली असावी. पण माणसं कमी होती, खात्री देता येत नाही."

"म्हणजे थोतांडच हाय," अमरनाथ म्हणाला.

"नाही, दादा. कफ पातळ करणारी एक गोळी ह्याच पानातल्या द्रव्यावरून बनली. पण पान म्हणजे ती गोळी नाही. आणि ती गोळीही न्यूमोनिया बरा करत नाही."

अमरनाथने तिथेच बसून आपले व्हिडिओ पुसून टाकले. कुऱ्हाडीबद्दल तो काही बोलला नाही. मीही त्याला माफ केलेलं नाही.

मित्रांनो, मला उकळा, वाटा, तपासा, पुन्हा तपासा. मी परीक्षेला भीत नाही. जेवढं माझ्या पानात आहे तेवढं मी देईन. जे नाही, ते माझ्या नावावर खपवू नका. आणि ते नाही म्हणून माझ्यावर कुऱ्हाडही उचलू नका.

परवा एक बाई खोकणारं लेकरू घेऊन पानं मागायला आली. पार्वतीबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी लेकराचा सदरा वर केला, बरगड्यांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "पोराला दम लागायलाय. चल ऊठ, मी येते तुझ्यासंगं दवाखान्यात."

त्या पायांत चपला अडकवून निघाल्या. माझं एकही पान कुणी तोडलं नाही, आणि मी ताठ उभा होतो.