ध्रुवचे चार घास

मुलांनो, डोळे मिटा आणि असं समजा, की तुम्ही बडोद्याहून तासाभरावरच्या एका गावात, अंगणवाडीच्या दारात उभे आहात. आत उंची मोजायच्या फळीला टेकून अडीच वर्षांचा ध्रुव उभा आहे. शेजारी दहा वर्षांची मोहना. ती बडोद्यातल्या घडियाळी पोळातून सुट्टीला मावशीकडे आली आहे, आणि निरुपमामावशीच ही अंगणवाडी चालवते.

"त्र्याऐंशी पूर्णांक दोन सेंटिमीटर," मावशी हळूच म्हणाली. "तीन महिने हाच आकडा. या वयात उंची खुंटली, तर पुढे भरून निघणं कठीण गं."

"पण ध्रुवच्या घरी पोषणाचं पीठ मिळतं ना?"

"मिळतं. त्याची आई, कोमलबेन, रोज त्या पिठाचा शिरा करते. ताट चाटूनपुसून साफ होतं म्हणते."

मोहनाला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी ती ऐन जेवणाच्या वेळी ध्रुवच्या घरी जाऊन बसली. तिघा भावांपुढे एकच ताट होतं. एका ताटात जेवलं की माया वाढते, असं त्या घरात मानत. ध्रुवने घास उचलला आणि फुंकर मारू लागला. फू, फू, फू. तो घास तोंडात जाईपर्यंत थोरल्यांचे पाच झाले होते.

"कोमलबेन, ध्रुवने चारच घास खाल्ले. मी मोजले."

"बडोद्याहून पोलीस आले वाटतं," ध्रुवची आई हसली. मग तिने रिकाम्या ताटाकडे पाहिलं, ध्रुवकडे पाहिलं, आणि आतून एक वाटी आणली.

मावशीने तर गावातल्या सगळ्या आयांना बोलावलं. प्रत्येक बाळाची वाटी वेगळी. शिऱ्याबरोबर मूग, वर तूप. "मायेचं काय मग?" एका आजीने टोमणा मारला. "मांडीला मांडी लावून बसवा की," मावशी म्हणाली.

सहा आठवडे गेले. मोहनाच्या सुट्टीचा शेवटचा दिवस आला आणि ध्रुव पुन्हा फळीला टेकला. मोहनाने श्वास रोखून धरला.

"हलू नको हं, दीकरा... चौऱ्याऐंशी पूर्णांक एक."

"पुन्हा बघ ना, मावशी."

"दोनदा बघितलं. जवळजवळ एक सेंटिमीटर."

मोहनाने गिरकीच घेतली. कोमलबेन पदराने डोळे टिपत हसत होती.

आणि ध्रुव? त्याने आईचा तोच पदर धरला, तिला ओढत फळीपाशी नेलं, तिच्या टाचा मागे ढकलल्या आणि बजावलं, "हलू नको."