खिंडीतल्या खुणा

डोंगरमाथ्यावरून जाणारी ती पायवाट पुरी चालायला महिना लागायचा. त्यातल्या सतरा किलोमीटरची देखभाल ताईकडे होती. एकवीस वर्षं ती पाण्यासाठी चर खणत होती, निसटलेले दगड बसवत होती, झाडांवरच्या पिवळ्या खुणा रंगवत होती. त्या टप्प्यात चालणाऱ्यांना पाणी एकच, खिंडीतला झरा. धाकटा भाऊ चिडवायचा, "अगं, घराच्या भिंतींना कधी रंग लागणार?"

यंदा कचेरीतून पत्र आलं. खिंडीतून खाणीचा रस्ता जाणार, हरकत असल्यास कळवा. पत्र हाती पडलं तेव्हा मुदत संपून चार दिवस झाले होते. तरी ती गेली. साहेबांनी खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं.

"बाई, तुमचं पटतं मला. पण सही वरून आलीय."

"वर म्हणजे कुठे? मी जाते तिथे."

साहेबांनी नकळत छताकडे पाहिलं. "खरं सांगू? मलाही नीट ठाऊक नाही."

उलट तिलाच काम मिळालं: खिंडीतल्या खुणा पुसा, नाहीतर चालणारे सुरुंगाच्या तोंडी सापडतील. बोलणं रास्त होतं, त्यामुळे नाही म्हणता येईना. तीन दिवस ती तारेच्या ब्रशनं खोडं खरवडत राहिली. एकवीस वर्षांचे थर, निघता निघेनात.

चौथ्या दिवशी खिंडीत पोकलेन चढला. आत बसला होता धाकटा. आठ महिन्यांनी काम मिळालं म्हणून सकाळी तिनंच हौसेनं त्याचा डबा भरला होता. कुठलं काम, ते त्यानं सांगितलं नव्हतं.

तो खाली उतरला. "ताई, मी नाही चालवला तर दुसरा चालवेल."

तिला ओरडायचं होतं. तोंडून निघालं भलतंच. "झऱ्याला तेवढं सांभाळ."

दिवसभर त्यानं झरा जपला. संध्याकाळी मुकादम फीत घेऊन आला. "रस्ता इथे अरुंद का? नकाशात झराबिरा काही नाही. जमत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस."

धाकट्यानं बहिणीकडे पाहिलं. त्याचे हात खिशात होते, लहानपणी मार खाण्याआधी असायचे तसे.

"चालव," ती म्हणाली आणि पाठ फिरवून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी खिंडीच्या तोंडाशी दोन चालणारे आले. बाटल्या रिकाम्या होत्या. झरा कुठे, त्यांनी विचारलं. तिनं त्यांना खालच्या दरीची वाट दाखवली. तिथलं पाणी सहा किलोमीटरवर होतं. थोडं अंतर ती त्यांच्यासोबत उतरली.