हळदीच्या गाण्याची तिसरी ओळ

दुपारच्या एस. टी.तून वैभवी किन्हीराजाला उतरली तेव्हा तिच्या पिशवीत रेडिओ केंद्राचा रेकॉर्डर होता आणि पोटात सकाळचा एकच समोसा. उन्हानं डोकं उठलं होतं. घरी गेल्यावर आधी घटाघटा पाणी प्यावं आणि मग कुणाशी एक शब्दही न बोलता पडावं, एवढीच तिची इच्छा होती. पण भावाच्या, शिवमच्या लग्नाला आठ दिवस राहिलेले. लग्नघरात पडायला कोण देतंय?

पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला दोन महिने इंटर्नशिप करावी लागते. वर्गातल्या पोरापोरींनी टीव्ही आणि वर्तमानपत्रं धरली. वैभवीच्या वाट्याला तालुक्याचं सरकारी रेडिओ केंद्र आलं: दोन खोल्या, एक टॉवर आणि निवृत्तीला आलेले शालिग्राम सर. पहिला महिनाभर तिनं रिसोडच्या बाजारातले सोयाबीनचे भाव लिहून दिले आणि लोकांच्या मुलाखतींतले खोकले कापले. मग सर म्हणाले, "पंधरा मिनिटांचा एक कार्यक्रम तू कर. लग्नातली गाणी घे. पण एक ध्यानात ठेवजो. माणूस आधी आपलं नाव सांगीन, मंग बोलन. बिननावाचा आवाज आपण लावत नाई."

सोपं काम वाटलं तिला. गावात गाणाऱ्या बायका काय कमी आहेत? पण चार घरं फिरली आणि रडकुंडीला आली. बायका पदर सावरून झोकात सुरुवात करायच्या, दोन ओळी म्हणायच्या आणि तिसरीला अडायच्या. मग हसून एकच सांगायच्या, "पुढचं तुह्या मायले येते वं."

हे गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं. वैभवीची आई रंगूबाई सोळा वर्षांपूर्वी विधवा झाली, तेव्हापासून तिनं कुठल्याही मांडवात पाय ठेवलेला नाही. ठेवू दिला नाही, असं म्हणा. पण गाणी तर तिलाच येतात! म्हणून किन्हीराजात एक रीतच पडून गेली. हळद लागताना बायकांचं गाणं अडलं की एकीनं उठून लग्नघराच्या मागच्या दाराशी जायचं, आत चुलीपाशी बसलेल्या रंगूबाईला पुढची ओळ विचारायची आणि ती ओळ मांडवात नेऊन गायची. सोळा वर्षं गावानं तिच्या तोंडून ओळी नेल्या आणि तिला दाराआड ठेवलं. आणि यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, हो! चांगली माणसं होती सगळी.

त्या दुपारी रंगूबाई सोऱ्यातून कुरडया घालत होती. वैभवीनं रेकॉर्डर समोर धरला.

"नाव सांग, माय."

"माहं कायले नाव? गाणं घे ना."

"सांग वं. नियम हाय आमचा."

रंगूबाईनं चिकाचे हात पदराला पुसले. "मी रंगूबाई. किन्हीराजाची. शिवमची अन् वैभवीची माय." मग ती गायली. आवाज जरा थकलेला, पण सुरात पक्का:

"पाटाभोवती गं रांगोळी काढली,
सोन्यावाणी हळद वाटीत कालवली,
पहिलं बोट लावावं सख्ख्या मायनं,
मंग लावा बायांनो साऱ्या गोतानं."

वैभवीनं बटण बंद केलं तरी तिला आईकडं बघवेना. शिवमला पहिलं बोट मोठी आई, म्हणजे थोरली काकू लावणार होती, हे कधीच ठरून गेलं होतं.

सरांनी गाणं ऐकलं आणि गुरुवारी सकाळी आठची वेळ ठरवून टाकली. गुरुवारीच शिवमची हळद. वैभवीच्या मोठ्या बाबांना, म्हणजे थोरल्या काकांना, इंद्रभानना, ही गोष्ट कळली तेव्हा त्यांची छाती फुगली. मांडवातल्या भोंग्याला रेडिओ जोडायचा, पुतणीचा कार्यक्रम पाहुण्यांना ऐकवायचा! गावभर सांगून आले. गाणं कुणी म्हटलंय ते मात्र त्यांना मंगळवारी कळलं.

"आवाज राहू दे," ते म्हणाले. "नाव काढ."

"काहून, मोठे बाबा?"

"काहून काय विचारून राह्यली? रिसोडचे पाव्हणे येतीन. हळदीत विधवा गायली म्हनतीन. आवाजावर काय नाव लिवलं असते? कोनाले समजत नाई."

इंद्रभान वाईट माणूस नव्हता, हीच तर पंचाईत. भाऊ गेल्यावर त्यानं भावजयीचं वावर कसलं, पोरांना शिकवलं, वैभवीला कॉलेजात घातलं. त्यामुळं त्याच्यापुढं बोलायचं म्हणजे जीभ जड व्हायची. जाता जाता तो म्हणाला, "नाव आलं, तर उद्यापासून त्या रेडिओवर जाची गरज नाई."

रंगूबाई दाराआडून ऐकत होती. "काढून टाक नाव," ती म्हणाली. "माहं काय अडते? पोराच्या लग्नात कटकट नको."

बुधवारी वैभवी केंद्रावर गेली ती रडवेलीच. शालिग्राम सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. अशी भांडणं त्यांनी तीस वर्षांत पुष्कळ पाहिली होती आणि आता त्यांना त्याचा नुसता कंटाळा येई.

"तुही माय नाई म्हनत असन तर आपल्याले लावता येत नाई," ते म्हणाले. "पण मंग आवाजबी जाते. नाव काढून आवाज ठेवनं मी करत नाई. तिले जाऊन नीट विचार. मोठ्या बाबाले नाई, तिले."

वैभवी दुपारीच परतली. आई गच्चीवर कुरडया उलटत होती. वैभवीनं सरांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

"म्हंजे नाव नसन तर गाणं नाई?"

"नाई."

"मंग त्याच्या जागी काय लावतीन?"

"खताची माहिती."

रंगूबाई हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. हातातली कुरडई तिनं उलटून ठेवली.

"सोळा वरीस झाले, वैभे," ती म्हणाली. "साऱ्या गावाचे पोट्टे माह्या गान्यानं नवरदेव झाले. कोनी म्हनलं नाई का रंगू, बाहीर ये. मी बी म्हनलं नाई. थकली वं मी. नाव राहू दे, काढू नको."

वैभवीनं तिथंच बसून सरांना फोन लावला.

गुरुवारी आठला मांडव भरला. शिवम पाटावर बसलेला, मोठी आई हळदीची वाटी घेऊन तयार. पुतणीनं आपलं ऐकून नाव काढलं असेल या भरवशावर इंद्रभाननं रेडिओ चालू केला. भोंगा खरखरला आणि सगळ्या गावानं ऐकलं, "मी रंगूबाई. किन्हीराजाची. शिवमची अन् वैभवीची माय."

इंद्रभाननं वायर उपटली.

पाहुण्या बायका एकमेकींकडं बघू लागल्या. शिवमची मान खाली. पाहुण्यांना चहा फिरला, मग मोठ्या आईनं कसनुसं हसून गाणं धरलं, बायकांनी री ओढली. पाटाभोवती रांगोळी काढून झाली, वाटीत हळद कालवून झाली. तिसऱ्या ओळीला सगळ्या अडल्या. मग मोठी आईच सवयीनं उठली आणि मागच्या दाराशी आली.

रंगूबाई चुलीपाशी होती. शेजारी मोबाईलवर लावलेला तिचा कार्यक्रम नुकताच संपून बातम्या सुरू झाल्या होत्या. वैभवी तिच्याजवळच बसली होती.

"रंगू, पुढचं काय वं?"

"मी आतून नाई सांगत, जाऊबाई."

"अवं, लोकं खोळंबले! पोराची हळद हाय तुह्या!"

"पोराचीच हाय. म्हनूनच नाई सांगत. बाहीर बलवा, पुरं गाणं म्हनतो. नाई तर राहू द्या."

मोठ्या आईनं उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकलं. पण मांडवातून इंद्रभानची हाक आली आणि ती वळली.

बोलावणं आलं नाही. कुणीतरी भोंग्याला मोबाईल जोडला, डीजेचं धांगडधिंग्याचं गाणं लागलं आणि त्याच्यावर शिवमला हळद लागली. रंगूबाईनं भात उतरवला आणि वरणाला फोडणी दिली.

दुपारी शिवम आत आला. तोंडावरची हळद वाळून तडकली होती.

"माय, मी बोलाले पायजे होतं."

"हो," रंगूबाई म्हणाली. "बोलाले पायजे होतं."

तिनं त्याला जवळ घेतलं नाही, रागावलीही नाही. ताट वाढलं आणि त्याच्यापुढं सरकवलं. शिवम खालमानेनं जेवला.

लग्न लागलं. रंगूबाईला अक्षता दिसल्या नाहीत, भोंग्यावर मंगलाष्टकं ऐकू आली तेवढीच. मोठे बाबा तीन दिवस वैभवीशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी ती केंद्रावर जायला निघाली तेव्हा ते ओट्यावर बसले होते. त्यांनी पाहिलं आणि अडवलं नाही. माणूस अडवून अडवूनही थकतोच की.

शालिग्राम सरांनी श्रोत्यांच्या फोनची वही तिच्यापुढं टाकली. चौदा फोन होते. दोघांनी शिव्या दिल्या होत्या, एकानं खताची माहिती का लावली नाही म्हणून विचारलं होतं. बाकी अकरा बायका. एका निरोपाखाली सरांनी रेघ मारली होती: "मी जऊळक्याची रुपाबाई. मालक जाऊन नऊ वर्षं झाली. मले बी गाणी येतात. माहं बी घ्या, पण नावासगट लावा."

"उद्या जऊळक्याले जाजो," सर म्हणाले. "अन् येताना बाकीच्यांचे पत्ते काढून आनजो." वैभवी रेकॉर्डरमध्ये नवे सेल घालू लागली.

आता लग्नसराई आहे. वाचकहो, तुमच्याही घरी मांडव पडेल, वाटीत हळद कालवली जाईल, बायका गायला बसतील. त्या वेळी एवढंच करा. पाटाभोवती कोण कोण आहे ते मोजू नका. उठा, मागच्या दाराशी जा, आणि आत कुणाला बसवून ठेवलंय ते बघा. तिचं नाव तुम्हाला माहीत आहे.