पाचवा डबा

"डबे आडवे ठिवू नको, सुमन. उभे ठेव. फितीला सोताचं वजन पेलत न्हाई."

हे यांचं सांगणं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हाचं. दोन शब्द बोलले की धाप लागत होती, तरी डब्यांचं आधी सांगितलं. त्याला आता चौदा वर्षं झाली. देवघराशेजारच्या फडताळात फितींचे नऊ डबे मी उभेच ठेवले, वर यांच्या धुवट धोतराचं फडकं घातलं. दर पौर्णिमेला धूळ पुसायची, फडकं बदलायचं. फिती वाजवायचं यंत्र केव्हाच बंद पडलं होतं, त्यामुळे आत काय आहे ते ऐकण्याचा प्रश्नच नव्हता. देवाच्या पेटीतले टाक आपण रोज कुठे उघडून बघतो?

परवा त्या फडताळासमोर पुण्याची एक मुलगी मांडी घालून बसली होती. राजनंदिनी तिचं नाव. जुने आवाज जपून ठेवणाऱ्या संस्थेत काम करते. कुणा गेलेल्या संगीतकाराच्या कागदपत्रांत तिला यांचं एक पत्र सापडलं, त्यावर परभणीचा पत्ता होता.

"आजी, आप्पाराव कॉलेजात शिकवायचे का?"

"न्हाई गं माय. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत होते. सामान काढून द्यायचे, मुलांनी मोडलेलं नीट करायचे."

"आणि हे सगळं तिथे बसून केलं? पन्नास वर्षांपूर्वी?" तिनं हात जोडले. मला कसंसंच झालं. यांना हात जोडलेले मी कधी पाहिले नव्हते.

गल्लीत यांच्या या उद्योगाला 'आप्पारावची गिरणी' म्हणत. प्रयोगशाळेतला ऑसिलेटर सुट्टीत सायकलला बांधून घरी आणायचे. त्याचा एकच सूर, चकती फिरवून कमीजास्त करत बसायचे. फीत ब्लेडनं तिरकी कापायची, चिकटवायची, तिचं कडं करून टेबलावरच्या तांब्याभोवती फिरवायचं. जिनिंगमधल्या सरकीचा आवाज, पिंगळीच्या रुळाकाठी तारायंत्राच्या तारा वाऱ्यानं गुणगुणायच्या तो आवाज. वीज कमी असली की स्पीकरवर तळहात ठेवून डोळे मिटायचे. मी हसले की म्हणायचे, "हातालाबी ऐकू येतं, बघ ठिवून." मी कधी ठेवला नाही. माझे हात पिठाचे असायचे.

राजनंदिनीनं सोबत यंत्र आणलं होतं. एकेक डबा हळूच उघडत ती म्हणाली, "मला खरं तर पाचवा हवाय. पत्रात त्यांनी लिहिलंय, आठ महिने लागले, तारांचे आवाज जोडून पहाट केली आहे. हेच आयुष्यातलं एक काम नीट जमलं, असं लिहिलंय."

मी चहा टाकायला उठले. चहा झाला, उतू गेला, पुसला, तरी बाहेर यायला पाय उचलेना.

पाचव्या डब्यात पहाट नाही, हे मला त्रेचाळीस वर्षं ठाऊक होतं.

तेव्हा शेजारी कडूबाई राहायची. आमच्या एकादशीच्या भजनात पुढचा आवाज तिचा. एकदा टाळ खाली ठेवून म्हणाली, "सुमे, तुझ्या घरात आवाज धरायची मशीन हाय आन् आमाला आमचा आवाज म्हाईत न्हाई. धर की गं." हे कॉलेजात गेले होते. दोन खटके एकदम दाबायचे, एवढं मी पाहिलेलं. यंत्रावर जी फीत होती तीच चालू केली. रिकामी फीत वेगळी आणि भरलेली वेगळी, हे मला कुठलं कळायला? आम्ही सात जणींनी अर्धा तास गौळणी म्हटल्या.

हे आले. फितीकडे पाहिलं. चप्पल पायात तशीच. कडूबाईनं पदर खोचत विचारलं, "भाऊजी, मंग आमचा आवाज आमाला कवा ऐकवता?"

त्यांनी चपला काढून दाराशी ठेवल्या. मग म्हणाले, "ऐकवतो की. जरा नीट करून ऐकवतो."

मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. काय पुसलं ते मला आठ दिवसांनी त्यांच्या वहीवरून कळलं. त्या दिवसापासून मी व्रत धरलं: सकाळी उठल्यापासून तुळशीला पाणी घालून देवापुढे दिवा लावीपर्यंत बोलायचं नाही. ज्या तोंडानं त्यांची पहाट पुसली, ते पहाटे बंद. का धरलं हे सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. एरवी आमचं जे काय बोलणं व्हायचं ते सकाळीच; संध्याकाळी ते यंत्रापाशी बसायचे. तेही गेलं. ते आंघोळ उरकून लवकरच कॉलेजात जायचे. पाचवा डबा रोज पिशवीत. मला वाटे, पुसलेलं परत मिळतंय का ते बघत असतील.

आता तर सकाळी बोलायला कुणीच नसतं. व्रत सोपं झालं आहे.

चहा ठेवता ठेवता मी राजनंदिनीला सगळं सांगून टाकलं. तिनं कप खाली ठेवला. म्हणाली, "तरी लावून बघू, आजी."

आधी खरखर आली. मग टाळ. मग कडूबाई, खणखणीत. तिच्या मागे आम्ही, आणि त्यात माझा आवाज, एकोणतीस वर्षांचा. पेटी नव्हती, त्यामुळे म्हणता म्हणता आमचा सूर वर वर चढत चालला होता. मी मान खाली घातली.

"थांबा," राजनंदिनी म्हणाली. "हे खालून काय वाजतंय?"

आमच्या आवाजाखाली एक सूर होता. तो ऑसिलेटरचा सूर. आम्ही जिथे चढलो तिथे तोही चढला होता. कडूबाईनं श्वास घेतला की तो हलका व्हायचा. मी एका ठिकाणी चुकले होते, तिथे तो माझ्याबरोबर चुकून माझ्याबरोबरच परत आला होता.

"हे त्यांनी नंतर भरलंय, फितीच्या दुसऱ्या पट्टीवर," ती म्हणाली. "हातानं चकती फिरवत, तुमच्यामागे जात. महिनोन्महिने लागले असतील."

डब्याच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवलेली होती. अक्षर यांचं. दोनच शब्द: 'सकाळी ऐकण्यासाठी'. रोज सकाळी पिशवीतून माझाच आवाज जात होता.

राजनंदिनी उठून अंगणात गेली. शहाणी मुलगी आहे.

दुसऱ्या दिवशी पावती देऊन तिनं नऊही डबे नेले. उभेच न्यायला मी सांगितलं. आवाज माझ्या मोबाईलमध्ये घालून दिला आणि स्वतःचा हाताएवढा स्पीकरही ठेवून गेली. फडताळ रिकामं झालं. फडकं घडी करून मी तिथेच ठेवलं.

यांनी शेवटी आणखी एक सांगितलं होतं. "कडूबाईला ऐकवायचं राह्यलं. तेवढं कर." गौळणी धरल्या त्याच साली कडूबाई जिंतूरला राहायला गेली होती, मग यंत्र गेलं, मग हे. मी हो म्हटलं होतं.

तिच्या मुलाला, दत्ताला, फोन लावला.

"माय हाय की, काकू. खाती-पिती, मला शिव्याबी देती. पर कानानं पार गेली. दारात बँड वाजवा, तिला काई न्हाई."

मी फोन ठेवला. मग माझा हात नुसताच त्या स्पीकरवर गेला. चालू केला. तळव्याखाली काहीतरी थरथरलं, थांबलं, परत चढलं. कडूबाई कुठे श्वास घेते ते मला हातानं कळलं.

व्रत धरलं की त्याचं उद्यापनही असतं. ब्राह्मण-सवाष्ण बोलवण्यासारखं हे व्रत नव्हतं. आज पहाटे उठले, आंघोळ केली. तुळशीला पाणी घालायच्या आधी, दिव्याला काडी लावायच्याही आधी, यांच्या फोटोसमोर उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "जिंतूरला जाऊन येते."

घरात माझा आवाज जरा चिरका वाटला. मग पाणी घातलं, दिवा लावला.

जिंतूरच्या पहिल्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला स्पीकर पिशवीत आडवा झाला होता. तो काढून मी मांडीवर उभा धरला.